तुसाची भिंत आणि बिनतारी लहरी



वसंत ऋतूत भरणाऱ्या व्याख्यानमालेत वक्त्याने फुलांविषयी बोलावे, काव्याविषयी बोलावे, असा जुना संकेत आहे. आम्ही मात्र आज आपल्यापुढे भाताचे तूस घेऊन उभे आहोत. आपल्या भाषेने तुसाला कधीच मान दिलेला नाही. ज्यात सत्त्व नाही ते फोलपट, आणि व्यर्थ श्रम म्हणजे फोलपटे पाखडणे. अशा या फोलपटाने घराच्या भिंतीत बसून बिनतारी लहरी अडवाव्यात, असा एक विचार अलीकडे शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांतून पुढे आला आहे. त्यात तथ्य किती, फोल किती, हे आज आपण पाखडून पाहू.

हा विषय मुळशी तालुक्यातच बोलावा असे आम्हांला वाटले, त्याला कारण आहे. मुळशी ही भाताची भूमी. येथला आंबेमोहोर चुलीवर शिजू लागला की शेजारच्या घराला कळते. शेजारच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला इंद्रायणी आता या साऱ्या खोऱ्यात रुजला आहे. भात आले की भातगिरणी आली आणि गिरणी आली की तिच्या मागच्या अंगाला तुसाचा ढीग आलाच. याच तालुक्यात हिंजवडी आहे. तेथल्या माहिती तंत्रज्ञानाच्या वसाहतीत हजारो संगणक चालतात आणि प्रत्येक माणसाच्या खिशात एक लहानसे बिनतारी केंद्र असते. एका टोकाला तूस, दुसऱ्या टोकाला लहरी, अशी दोन युगे एका तालुक्यात शेजारी नांदत आहेत.

विजेचे आणि मुळशीचे नाते याहूनही जुने आहे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी सह्याद्रीपलीकडे भिरा येथे सोडावे आणि त्यातून मुंबईसाठी वीज काढावी, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्या धरणात पन्नासाहून अधिक गावांच्या जमिनी जाणार होत्या आणि त्यांत उत्तम भातखाचरे होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. १९२४ पर्यंत लढा चालला, तुरुंगवास झाले, आणि अखेर धरण उभे राहिले. खाचरे पाण्याखाली गेली आणि दिवे मुंबईत लागले. ही गोष्ट आपणांस नवी नाही. तरीही आम्ही ती आरंभी सांगितली, कारण जो प्रश्न तेव्हा होता तोच नव्या विद्येपुढेही असतो. माल कोणाचा आणि लाभ कोणाचा? व्याख्यानाच्या शेवटी आपण या प्रश्नाकडे परत येऊ.

प्रथम लहरी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. तळ्यात खडा टाकला की पाण्यावर तरंग उठतात. त्याचप्रमाणे तारेतून विजेचा प्रवाह मागेपुढे जोराने हालला की भोवतालच्या अवकाशात विद्युत् आणि चुंबक यांची जोडलहर उठते. इंग्लंडातील मॅक्सवेल याने १८६५ साली ती गणिताने सांगितली आणि जर्मनीतील हर्ट्‌झ याने १८८७-८८ मध्ये ती प्रत्यक्ष प्रयोगाने दाखविली. ही लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. प्रकाशही याच कुळातला. फरक आहे तो लहरीच्या लांबीचा. मोबाइल फोनच्या ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे एका फुटाहून थोडी अधिक. घरातील वायफायच्या २,४०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपली वीत अर्धी केली तर जेवढी भरेल तेवढी.

प्रकाशाला मातीची भिंत अडविते, पण या लहरी भिंतीतून जातात. हे आपल्या देशात पहिल्याने दाखविले ते जगदीशचंद्र बोस यांनी. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी एका ठिकाणी लहरी उत्पन्न केल्या आणि मध्ये भिंती असताना दूरच्या खोलीतील घंटा वाजविली. याच बोसांनी १८९८ साली आणखी एक प्रयोग केला, तो आमच्या आजच्या विषयाला फार जवळचा आहे. त्यांनी तागाची पेंडी पिळून लहरींच्या वाटेत ठेविली. पिळलेल्या तागातून बाहेर पडताना लहरींच्या कंपनाची दिशाच वळलेली आढळली. शेतात पिकलेला साधा ताग, आणि त्याने अदृश्य लहरीला वळण लाविले! शेतमालाचा आणि या लहरींचा संबंध काही आजच जोडला गेलेला नाही, सव्वाशे वर्षांमागे तो एका भारतीयाने जोडून दाखविला आहे.

आता या लहरी अडवायच्या कशा? घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. जुना ट्रान्झिस्टर रेडिओ घ्यावा, मध्यम लहरींवर एखादे केंद्र लावावे आणि तो चालू असतानाच पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट बसवावे. आवाज बंद पडतो किंवा नुसती खरखर उरते. झाकण उघडले की गाणे पुन्हा सुरू. हे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३६ साली दाखविले होते. धातूत वीज मोकळेपणी हिंडते. लहर येऊन आदळली की धातूतील विद्युत्‌कण तिच्या तालावर हालू लागतात आणि तिला उलट परतवून लावतात. एक गोष्ट लक्षात ठेवावी. लहरीला अडविणारा पदार्थ जड असलाच पाहिजे असे नाही, त्यात वीज हालू शकली पाहिजे. दोन फूट जाडीच्या कोरड्या मातीच्या भिंतीपेक्षा कागदासारखा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा अधिक काम करतो.

अडविण्याचे प्रकार दोन. एक परतवून लावणे, दुसरा जिरविणे. धातू परतवून लावतो. कोळशासारखा पदार्थ, ज्यात वीज वाहते पण अडखळत वाहते, तो लहर आत घेतो आणि तिची किंचित उष्णता करून टाकतो. समुद्रकाठच्या उभ्या दगडी धक्क्यावर लाट आपटून परतते आणि उतरत्या वाळूवर ती चढत चढत जिरून जाते. या दोहोंतला फरक तोच.

किती अडले ते मोजण्याचे माप म्हणजे डेसिबेल. त्याचा हिशेब रुपयात करू. १० डेसिबेल अडले म्हणजे रुपयातले दहा पैसे पलीकडे गेले. २० अडले म्हणजे एक पैसा गेला. ३० अडले म्हणजे पैशाचाही दहावा भाग गेला. ऐकायला हे फार वाटते. पण मोबाइल फोन इतका सूक्ष्मग्राही असतो की जेथे लहर बळकट आहे तेथे हजारातला एक भाग उरला तरी तो सुखाने बोलू शकतो. म्हणून 'आमच्या भिंतीने शेकडा ९९ लहरी अडविल्या' असे कोणी सांगितले, तर ते २० डेसिबेल झाले, एवढे मनात म्हणावे आणि पुढचे ऐकावे.

आता तुसाकडे येऊ. गिरणीत १,००० किलो भात घातले तर अदमासे २०० किलो तूस निघते. ते पूर्ण जाळले तर सुमारे ४० किलो राख राहते. इतर कोणत्याही पिकाच्या अवशेषात राखेचे प्रमाण इतके मोठे क्वचितच असते. याचे कारण भाताचे रोप जमिनीतून सिलिका शोषून घेते आणि दाण्याच्या कवचात साठविते. तुसाच्या राखेत शेकडा ८५ ते ९५ भाग सिलिकाच असते. तूस हाताला खरखरीत लागते ते यामुळे. गुरे ते खात नाहीत आणि उकिरड्यावरही ते लवकर कुजत नाही. उरलेल्या भागात लाकडासारखेच पदार्थ असतात आणि त्यांत कार्बन असतो.

कच्चे तूस वीज वाहत नाही. ते मातीत कालवून भिंत लिंपली तर भिंतीला भेगा कमी पडतात, उन्हाची धग थोडी कमी होते, पण बिनतारी लहर त्यातून जवळजवळ बिनदिक्कत जाते. आपल्या आजोबा-पणजोबांनी तूस-पेंढा घालून चिखल तुडविला आणि घरे बांधली. त्या घरांत लहरी अडतात असे कोणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नये. ओल्या भिंतीत त्या काही अडतात हे खरे, पण तो गुण पाण्याचा. आणि यावरून एक सावधगिरी निघते. मुळशीसारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात श्रावणात मोजलेली भिंत जे आकडे दाखवील, ते वैशाखात राहणार नाहीत. मोजायचे ते पूर्ण वाळलेल्या नमुन्यावर.

मग तुसात लहर अडविण्याचा गुण येतो कोठून? तो अग्नीतून येतो, आणि येथे आपल्या शेतकऱ्याला पुस्तक शिकविण्याची गरज नाही. राब भाजताना पालापाचोळा, शेण, गवत पसरून वर मातीचा थर देतात. जेथे वारा लागतो तेथे पांढरी राख पडते आणि जेथे माती दडपून राहते तेथे काळा कोळसा उरतो, हे ज्याने राब भाजला आहे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. तुसाचेही तसेच. हवा देऊन जाळले तर कार्बन उडून जातो आणि करडी-पांढरी राख उरते. हवा कोंडून तापविले तर कार्बन मागे राहतो आणि काळा कोळसा मिळतो. परंतु नुसते काळे होणे पुरेसे नाही. ४००-५०० अंश सेंटिग्रेडवर केलेला कोळसा चुलीत छान जळतो, पण विजेला फारशी वाट देत नाही. उष्णता ८००-९०० अंशांपर्यंत चढविली की कार्बनचे अणू थराथरांनी जुळू लागतात आणि त्यांतून वीज वाहू लागते. लहर अडविणारा कोळसा तो हा.

येथे एक पेच आहे आणि आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. बांधकामाला तुसाची राख फार उपयोगी पडते, हे आता सर्वमान्य आहे. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाचे प्रा. पी. के. मेहता यांनी १९७० नंतरच्या दशकात या राखेवर मूलभूत काम केले. साधारण ६०० ते ७०० अंशांवर, बेताने जाळलेल्या तुसातील सिलिका काचेसारखी अस्ताव्यस्त रचनेची राहते. ती सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावते आणि काँक्रीट अधिक घट्ट, पाण्याला अधिक दुर्भेद्य करते. काँक्रीटविषयीच्या आयएस ४५६ या आपल्या भारतीय मानकाने २००० साली तुसाच्या राखेला, गुणवत्तेच्या अटीवर, मान्यता दिलेली आहे. पण या कामाला राख हवी ती करडी, कार्बन उडालेली. कार्बन उरला तर तो पाणी पितो आणि मिश्रण कोरडे पडते. उलट लहरींसाठी हवा तो काळा कार्बन. सिमेंटवाला म्हणतो, कार्बन काढा. लहरी अडविणारा म्हणतो, कार्बन ठेवा. सिमेंटवाल्याला आंच बेताची हवी, दुसऱ्याला ती चढती हवी. तेव्हा 'तुसाची राख घाला, भिंत मजबूतही होईल आणि लहरीही अडतील' असे जो एका दमात सांगतो, त्याने हा पेच ध्यानी घेतलेला नाही. दोन माल निराळे आहेत आणि ते निराळे करावे लागतात.

कोळसा तयार झाल्यावर तो गिलाव्यात किंवा विटेत मिसळायचा. त्याचाही एक नियम आहे. ओढा ओलांडण्यासाठी पाण्यात दगड टाकतात. दगड दूर दूर असले तर दहा टाकले काय आणि वीस टाकले काय, पलीकडे जाता येत नाही. ते पाऊलभर अंतरावर आले की एकदम वाट तयार होते. कोळशाच्या कणांचे असेच आहे. कमी प्रमाणात प्रत्येक कण सिमेंटने वेढलेला, एकटा राहतो आणि फारसा परिणाम होत नाही. एका मर्यादेनंतर कणाला कण भिडतो, वीज या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागते आणि अडविण्याचा गुण एकाएकी वाढतो. म्हणून बारीक दळणे आणि सारखे कालविणे याला अतिशय महत्त्व आहे. फार घालावे तर भिंतीचे बळ जाते. कण लांबट असले तर थोडक्यात भागते. अमेरिकेत बफेलो विद्यापीठातील प्रा. चुंग यांनी १९९० नंतरच्या दशकात कार्बनचे अतिसूक्ष्म तंतू सिमेंटमध्ये घालून अगदी अल्प प्रमाणातही लहरी चांगल्या अडतात हे दाखविले. पण ते तंतू महाग. तुसाचा कोळसा स्वस्त, पण तो अधिक घालावा लागतो. व्यवहार हा असा सगळीकडे तोलूनच करावा लागतो.

जगात हे प्रयत्न नवे नाहीत. लहर जिरविणाऱ्या कार्बनयुक्त पदार्थाचे पहिले पेटंट १९३६ च्या सुमाराचे आहे. १९५० च्या आसपास अमेरिकेत जनावरांच्या केसांच्या गाद्या कार्बनच्या लेपात बुडवून प्रयोगखोल्यांच्या भिंतींना लावीत असत. पुढे त्या जागी कार्बन भरलेल्या फोमचे निमुळते मनोरे आले. जाड बुडाकडून टोकाकडे निमुळता होत गेलेला आकार लहरीला न परतविता हळूहळू आत ओढून घेतो. २००९ च्या सुमारास मलेशियातील पर्लिस विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच मनोरे भाताचे तूस रेझिनने बांधून करण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. मलेशियाही भाताचाच देश. त्यांनी आपल्या गिरणीमागचा ढीग पाहिला आणि त्याला हात घातला. आपल्याही गिरणीमागे तसाच ढीग आहे.

आता एक साधा प्रश्न. अशी भिंत हवी कोणाला?

पुणे जिल्ह्यातच उत्तर आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या क्षीण लहरी ऐकतात. तेथे मोबाइल फोन वापरू देत नाहीत, कारण जवळचा एक फोन म्हणजे त्या दुर्बिणीच्या कानाशी ढोल. अशा ठिकाणी दुर्बिणीचे स्वतःचे संगणकही कोंडून ठेवावे लागतात. रुग्णालयात एमआरआय यंत्राची खोली तांब्याच्या किंवा तशाच पत्र्याने मढवितात, नाही तर बाहेरच्या लहरी चित्रात घुसतात. मोटारी आणि विजेची उपकरणे एकमेकांच्या कामात अडथळा आणतात की काय हे तपासणाऱ्या खोल्या असतात. त्या खोल्यांत बाहेर धातूचे कवच आणि आत लहर जिरविणारे अस्तर अशी दुहेरी योजना लागते, कारण नुसत्या धातूच्या खोलीत लहरींचे प्रतिध्वनी घुमतात. तुसाच्या कोळशाला खरी जागा येथे आहे. तो तांब्याचा प्रतिस्पर्धी होऊ शकत नाही, पण त्याचा जोडीदार होऊ शकतो.

आणि आपल्या राहत्या घराला? आम्ही स्पष्टच सांगतो, अशी भिंत घराला नको. मनोऱ्याच्या लहरींचे भय सध्या पुष्कळ आहे आणि भयाच्या मागोमाग व्यापारी येतो. वस्तुस्थिती अशी की या लहरींच्या अंगी क्ष-किरणांप्रमाणे अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर उडविण्याचे सामर्थ्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ साली त्यांना 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात घातले, तेव्हा पुरावा मर्यादित असल्याचेही नमूद केले. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्‌झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॉट अशी येते. शिवाय गंमत अशी की घर चारी बाजूंनी अडविले तर आतला फोन गप्प बसत नाही. दूरच्या मनोऱ्यापर्यंत हाक पोहोचावी म्हणून तो अधिक जोराने ओरडतो, आणि तो तर आपल्या कानाशी असतो. खिडकी-दाराच्या फटीतून लहर येतेच, ते निराळे. भिंतीला हजारो रुपये घालून दार लाकडी ठेवणे म्हणजे बांध घालून मोरी उघडी ठेवण्यासारखे आहे.

या संदर्भात एक अलीकडची घटना सांगितलीच पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी दिल्लीत शेणापासून केलेली एक चकती पुढे आणली आणि ती मोबाइलवर ठेवली तर त्यातून निघणारी लहर कमी होते, असे जाहीर केले. देशातील शेकडो शास्त्रज्ञांनी विचारले, हे कोठे मोजले, कसे मोजले, आकडे कोठे प्रसिद्ध झाले? गाईविषयी किंवा शेणाविषयी त्या प्रश्नात अनादर नव्हता. शेणाचे उपयोग आपण जाणतो, राबाला ते लागतेच. पण सुके शेण कच्च्या तुसाप्रमाणेच वीज वाहत नाही, हे आपण नुकतेच पाहिले. आणि समजा त्या चकतीने खरोखरच लहर अडविली असती, तर फोन अधिक जोराने बोलला असता. शेतातल्या मालाला मान मिळावा ही इच्छा थोर आहे. पण न मोजलेल्या दाव्यावर उभा केलेला मान पहिल्या पावसात वाहून जातो, आणि मग खऱ्या गुणाच्या मालाकडेही लोक संशयाने पाहतात. त्यात नुकसान शेतकऱ्याचेच.

म्हणून अडचणीही मोकळेपणाने सांगतो. प्रत्येक गिरणीचे तूस सारखे नसते, जात आणि जमीन बदलली की राख बदलते. अतिउष्णतेने सिलिकेचे स्फटिक बनले तर तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरते, तेव्हा दळणाऱ्या मजुराच्या तोंडावर चांगली मुखपट्टी हवी आणि धूळ कोंडणारी यंत्रे हवीत. तूस काही फुकट पडून नसते. वीटभट्टीला ते लागते, कोंबड्यांच्या खाली अंथरायला ते लागते, आणि पेंढा तर गुरांचा घास आहे, त्याला हात लावू नये. मागणीचा हिशेबही करून पाहू. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीला सहा बाजूंनी दोन सेंटिमीटर जाड गिलावा केला तर सुमारे २,२०० किलो माल लागेल. त्यात शेकडा ५ कोळसा धरला तर ११० किलो झाला. एवढ्या कोळशाला तीनशे किलोंच्या वर तूस आणि तेवढ्या तुसाला दीड टनाच्या आसपास भात. म्हणजे शंभर खोल्या बांधल्या तरी दीडशे टन भाताचेच तूस खपले. या एका धंद्याने तालुक्याचे दैन्य फिटेल असे कोणी म्हणू नये. तुसाचा मोठा खप सिमेंटच्या राखेत आहे. लहरींचा धंदा लहान, पण जाणकारीचा आणि म्हणून दर चांगला मिळण्याजोगा आहे.

तो येथे होऊ शकेल काय? आम्हांला वाटते, होऊ शकेल. हवा कोंडून शेतातला अवशेष जाळण्याची विद्या याच जिल्ह्याच्या परिसरात सिद्ध झालेली आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेने उसाचे पाचट शेतातच कोळशात बदलणारी साधी भट्टी तयार केली आणि २००२ साली त्या कामाला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता. लहरींसाठी आणखी आंच लागेल, पण पहिली पायरी बांधलेली आहे. पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. लवळे येथे, आपल्या तालुक्यातच, सिम्बायोसिसचे तंत्रमहाविद्यालय आहे. गिरणीवाला, भट्टीवाला आणि प्रयोगशाळा ही तीन माणसे एका बाकावर बसली पाहिजेत. पहिल्या वर्षी एकच काम करावे. चार गिरण्यांचे तूस घ्यावे, तीन निरनिराळ्या आचांवर कोळसा करावा, फरशीएवढे नमुने पाडावेत, पूर्ण वाळवावेत, आणि कोळसा न घातलेल्या नमुन्याशेजारी ठेवून मोजावेत. आकडे वाईट आले तरी छापावेत. वाईट आकडाही पुढच्या माणसाचे एक वर्ष वाचवितो.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. माल कोणाचा आणि लाभ कोणाचा? १९२१ साली मुळशीने जमीन दिली आणि वीज दूर गेली. उद्या तुसाला भाव आला, तर तेच तूस गोणीच्या दराने खालच्या रस्त्याने निघून जाईल आणि त्याची किमती फरशी होऊन कोणा शहरातल्या प्रयोगखोलीत बसेल. येथल्या लोकांना नुसती गोणी विकायची असेल तर कोणाची काही हरकत नाही. पण भट्टी येथे असेल, मोजण्याची विद्या येथल्या मुलांना येत असेल, आणि गिरणीवाल्या-शेतकऱ्यांची सहकारी मंडळी कोळशाची प्रत ठरवून देत असतील, तर गोणीत आणि फरशीत जो फरक पडतो तो येथेच राहील. विद्या ही भिंतीसारखी नसते, ती कोणालाही अडवीत नाही. मात्र तिच्याकडे चालत जावे लागते.

थोड्याच दिवसांत राब भाजले जातील. आपल्यापैकी जे शेतावर जातील त्यांनी निखारे विझल्यावर दोन चिमटी उचलून पाहाव्यात, एक पांढरी, एक काळी. पांढरीत सिमेंटचे बळ आहे, काळीत लहरीला जिरविण्याचा गुण आहे, आणि दोन्ही एकाच फोलपटाची लेकरे आहेत. कोणती चिमूट कोणत्या कामाची हे ओळखणे आणि ते मोजून सिद्ध करणे, एवढेच आमचे आजचे सांगणे होते.